विश्लेषण : हुकूमशहाने ताब्यात घेतलेले ‘मेरेंगे’ त्याच्या मृत्यूनंतरही का वाजत राहिले?

डॉमिनिकन रिपब्लिकची राजधानी सांतो दोमिंगो. शहरातल्या ‘जेट सेट’ या जुन्या नाइट क्लबमध्ये सोमवारची रात्र म्हणजे मेरेंगेची रात्र, हा अनेक वर्षांचा शिरस्ता. त्या सोमवारीही हॉल भरलेला होता. मंचावर ६९ वर्षांचे गायक रुबी पेरेस गात होते. मध्यरात्र उलटली, ८ एप्रिल २०२५ ही तारीख लागली आणि थोड्याच वेळात क्लबचे छत खाली आले. २३०हून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यात खुद्द पेरेस होते. अमेरिकेतल्या मेजर लीगमध्ये खेळलेले बेसबॉलपटू ओक्तावियो दोतेल होते, मोंते क्रिस्ती प्रांताच्या गव्हर्नर नेल्सी क्रूस होत्या आणि क्लबमधले वेटरही होते. राष्ट्राध्यक्ष लुईस अबिनादेर यांनी तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा जाहीर केला. पेरेस यांचे पार्थिव राष्ट्रीय नाट्यगृहात अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले.

ही बातमी आपल्याकडे दुर्घटना म्हणून आली आणि दोन दिवसांत मागे पडली. पण मृतांच्या यादीकडे पुन्हा पाहिले, तर एक वेगळाच प्रश्न पडतो. गव्हर्नर, खेळाडू आणि वेटर एकाच छताखाली, एकाच गाण्यासाठी कसे काय? कारण दीडशे वर्षांपूर्वी याच देशातली प्रतिष्ठित मंडळी मेरेंगेचे नाव ऐकले की नाक मुरडत. मधल्या काळात एका क्रूर हुकूमशहाने ते ‘राष्ट्रीय संगीत’ केले. तो हुकूमशहा गेला, त्याचे पुतळे गेले, राजधानीला दिलेले त्याचे नावही पुसले गेले. मेरेंगे मात्र राहिले. असे का झाले?

मेरेंगे म्हणजे नेमके काय?

तुमच्या सोसायटीत किंवा जिममध्ये झुंबाचा वर्ग चालत असेल, तर तुम्ही मेरेंगेवर नाचला असण्याची शक्यता बरीच आहे. झुंबा सुरू केला कोलंबियाच्या अल्बर्टो ‘बेटो’ पेरेस यांनी. त्यातल्या मूळ चार तालांपैकी एक मेरेंगे आहे (बाकीचे साल्सा, कुंबिया आणि रेगेटॉन). वॉर्मअपच्या वेळी प्रशिक्षक ‘जागच्या जागी चालल्यासारखे करा, कंबर हलू द्या’ असे सांगतात, तेव्हा बहुतेकदा हाच ताल वाजत असतो.

मुळात हे जोडीने करायचे नृत्य आहे. दोघांनी एकमेकांना धरायचे, दोन मात्रांच्या ठेक्यावर आलटूनपालटून पाय टाकायचे आणि हळूहळू गोल फिरत जायचे. पाय जवळजवळ चालल्यासारखेच पडतात. खरी गंमत कंबरेत आणि गुडघ्यांत असते. साल्सासारखी आठापर्यंतची मोजणी पाठ करावी लागत नाही. म्हणूनच डॉमिनिकन घरांमध्ये मुले हे नृत्य शिकत नाहीत, ती ते करत मोठी होतात. पायातला हा लंगडल्यासारखा झोक कुठून आला, याच्या दोन कथा सांगितल्या जातात. पहिली अशी, की युद्धात पाय जखमी झालेल्या एका वीराच्या सन्मानार्थ सगळे गाव पाय ओढत नाचले. दुसरी अशी, की साखळीने एकमेकांना बांधलेले गुलाम ऊस तोडताना एक पाय ओढत चालत. दोन्ही ऐकायला छान आहेत, पुरावा एकीलाही नाही.

नावाचेही तसेच. मेरेंगे म्हणजे स्पॅनिशमध्ये अंड्याचा पांढरा बलक आणि साखर फेटून केलेला गोड पदार्थ. बेकरीत मिळणारे ‘मेरांग’ तेच. नाचाला हे नाव का पडले, याचा उलगडा झालेला नाही.

तीन वाद्ये, तीन खंड?

जुन्या पद्धतीच्या मेरेंगेला तीन वाद्ये पुरतात. पहिले तांबोरा. हा आडवा, दोन तोंडांचा ढोल असतो, मांडीवर ठेवून वाजवतात. एका बाजूला हाताचा पंजा, दुसऱ्या बाजूला काठी आणि मधूनमधून लाकडी कडेवर ठोका. दुसरे ग्विरा. पत्र्याच्या नळकांड्याला खिळ्याने बारीक बारीक टोचे पाडलेले असतात आणि त्यावर ताठ तारांचा काटा घासला जातो. आपल्या खिसणीची लांबलचक नळी केली तर कशी दिसेल, तसे. तिसरे बटणांचे अकॉर्डियन.

शाळेच्या पुस्तकांपासून पर्यटनाच्या माहितीपत्रकांपर्यंत सगळीकडे एक सुबक समीकरण सापडते : तांबोरा आफ्रिकेची, अकॉर्डियन युरोपचे आणि ग्विरा बेटावरच्या मूळ ताइनो लोकांची, म्हणून मेरेंगे म्हणजे तिन्ही वंशांचा संगम. समीकरण इतके बरोबर सुटते, की शंका यावी. भोपळ्यावर घासण्याची वाद्ये अमेरिकेत होती तशी आफ्रिकेतही होती. त्यामुळे पत्र्याच्या ग्विराचे मूळ फक्त ताइनोंकडे नेणे अवघड आहे. स्पॅनिश वसाहतीच्या पहिल्या काही दशकांतच ताइनो समाज रोगराईने आणि वेठबिगारीने उद्ध्वस्त झाला होता. हे समीकरण लोकप्रिय होण्यामागे संगीतापेक्षा राजकारण जास्त आहे. त्याकडे पुढे येऊच.

अकॉर्डियनचा प्रवास मात्र नीट माहीत आहे आणि तो चक्क तंबाखूचा आहे. देशाच्या उत्तरेकडच्या सिबाव खोऱ्यात तंबाखू पिकायची आणि ती मोठ्या प्रमाणावर जर्मनीला जायची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच व्यापाराच्या वाटेने जर्मन बनावटीची स्वस्त अकॉर्डियन सिबावमध्ये आली. त्याआधी मेरेंगे गिटारसारख्या तंतुवाद्यांवर वाजे. अकॉर्डियनचा आवाज मोठा, वाद्य टिकाऊ आणि एका माणसात काम होते; तंतुवाद्ये मागे पडली. यावर तेव्हाच्या सुशिक्षितांनी ‘परदेशी वाद्याने आपले संगीत बिघडवले’ अशी ओरड केली. अकॉर्डियनची जातभाई असलेली आपली पेटी युरोपातूनच आली आणि १९४० पासून तीन दशके आकाशवाणीवर तिला बंदी होती, हे आठवले की ही ओरड फार अनोळखी वाटत नाही.

आधी बदनामी

मेरेंगेचा लेखी इतिहास सुरू होतो तो तक्रारींपासून. शेजारच्या पोर्तो रिकोत १८४९मध्ये स्पॅनिश गव्हर्नर हुआन दे ला पेसुएला याने याच नावाच्या नाचावर बंदी घातली होती. डॉमिनिकन रिपब्लिक १८४४मध्ये हैतीपासून स्वतंत्र झाला आणि दहाच वर्षांत, १८५४मध्ये, सांतो दोमिंगोच्या वृत्तपत्रांत मेरेंगेविरुद्ध लिखाण येऊ लागले. जुना ‘तुंबा’ नाच सोडून तरुण मंडळी या नव्या, अंगाला अंग लावून करायच्या प्रकाराच्या मागे लागली, हा आक्षेप. १८७५मध्ये उलिसेस फ्रान्सिस्को एस्पायात या उदारमतवादी विचारवंताने, मेरेंगे मज्जासंस्थेवर परिणाम करते आणि माणसाचा कल्पनाशक्तीवरचा ताबा सुटतो, अशा अर्थाचे लिहिले. पुढच्याच वर्षी हे गृहस्थ देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

शहरातल्या दिवाणखान्यांनी दारे लावली, तरी सिबावच्या खेड्यांत, कोंबड्यांच्या झुंजींच्या ठिकाणी आणि सांतियागो शहराच्या बदनाम गल्ल्यांत मेरेंगे जोरात होते. या ग्रामीण बाजाला आजही ‘पेरिको रिपियाव’ म्हणतात. शब्दशः अर्थ काहीसा ‘चिंध्या केलेला पोपट’. हे सांतियागोतल्या एका वेश्यागृहाचे नाव होते, असे सांगितले जाते. न्यिको लोरा यांच्यासारखे अकॉर्डियनवादक याच वातावरणात घडले. गावात काही घडले की त्यावर गाणे बांधायचे, ही त्यांची पद्धत. म्हणजे बातमीदारीच.

मग १९१६मध्ये अमेरिकी सैन्य देशात उतरले आणि १९२४पर्यंत राहिले. परक्यांचे राज्य आल्यावर उच्चभ्रूंना अचानक ‘आपले’ काहीतरी हवेसे वाटू लागले. सांतियागोच्या हुआन फ्रान्सिस्को गार्सिया यांच्यासारख्या संगीतकारांनी मेरेंगे कागदावर उतरवले, सभ्य नृत्यगृहांत वाजेल असे केले. ‘पांबिचे’ नावाचा संथ प्रकार अमेरिकी सैनिकांना नीट नाचता येत नव्हते म्हणून निघाला आणि त्याचे नाव ‘पाम बीच’वरून पडले, ही दंतकथा याच काळातली. खरी-खोटी कशीही असो, राज्यकर्त्याच्या पायांची टिंगल करण्याची संधी कोण सोडेल?

त्रुहियोने मेरेंगे का उचलले?

याच अमेरिकी सैन्याने स्थानिक सुरक्षा दल उभारले आणि त्यात राफाएल लिओनिदास त्रुहियो नावाचा एक तरुण अधिकारी झपाट्याने वर चढला. १९३०मध्ये त्याने सत्ता घेतली आणि ३० मे १९६१ रोजी गोळ्या घालून ठार होईपर्यंत ती सोडली नाही.

त्रुहियो राजधानीजवळच्या सान क्रिस्तोबालचा, मध्यमवर्गातूनही खालच्या पायरीवरचा. राजधानीतल्या प्रतिष्ठितांच्या क्लबने सुरुवातीला त्याला सदस्यत्व नाकारले होते. हा अपमान तो विसरला नाही. १९३०च्या प्रचारात त्याने सिबावचे अकॉर्डियनवादक सोबत फिरवले. ज्या खेड्यांत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते, तिथे त्याचे नाव गाण्यातून पोहोचले. सत्ता आल्यावर त्याने तेच ग्रामीण संगीत उच्चभ्रूंच्या नृत्यगृहांत आणून बसवले. ज्यांनी मेरेंगेला नाक मुरडले, त्यांना आता हुकूमशहासमोर मेरेंगेवर नाचणे भाग होते. सूड घेण्याची यापेक्षा नेमकी पद्धत मला तरी सुचत नाही.

१९३६मध्ये दोन गोष्टी घडल्या. राजधानीचे नाव बदलून ‘सिउदाद त्रुहियो’ म्हणजे त्रुहियोनगर करण्यात आले. आणि सांतियागोचे संगीतकार लुईस अल्बेर्ती यांचा वाद्यवृंद राजधानीत आणून त्याला ‘ऑर्केस्टा प्रेसिदेंते त्रुहियो’ असे नाव देण्यात आले. अल्बेर्तींनी मेरेंगेला जॅझ बिग बँडचा थाट दिला. सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट पुढे आले, अकॉर्डियन मागे गेले. संगीत म्हणून हे काम उत्तम होते, ही यातली खरी अडचण आहे. अल्बेर्तींची ‘कोम्पाद्रे पेद्रो हुआन’ ही रचना आजही लग्नसमारंभात वाजते आणि कुणाला त्यात हुकूमशाहीचा वास येत नाही.

बाकीची गाणी मात्र वेगळी होती. त्रुहियोचा वाढदिवस, त्रुहियोने बांधलेला रस्ता, त्रुहियोने फेडलेले परदेशी कर्ज या सगळ्यांवर मेरेंगे रचली गेली; अशा स्तुतिगीतांची संख्या शेकड्यांत आहे. रेडिओची सूत्रे होती त्याचा भाऊ होसे अरिस्मेंदी ऊर्फ ‘पेतान’ याच्याकडे. त्याचे ‘ला व्होस दोमिनिकाना’ हे केंद्र आणि १९५२पासून त्याची दूरचित्रवाणी म्हणजे देशातल्या गायक-वादकांसाठी पोटापाण्याचे मुख्य दार. पुढे ‘मेरेंगेचा राजा’ म्हणवले गेलेले होसेइतो मातेओ याच केंद्रातून गाजले. तिथे उत्तम सुविधा होत्या, उत्तम वादक होते, आणि पेतानची मर्जी गेली की दार बंद होते.

या राजवटीत नृत्याचा कार्यक्रम म्हणजे फक्त मौज नव्हती. १९४९च्या ऑक्टोबरमध्ये त्रुहियोच्या मेजवानीतून मिराबाल कुटुंब यजमानाच्या आधी निघून गेले. त्रुहियोची नजर त्यांच्या मुलीवर, मिनेर्व्हावर, होती. एवढ्या ‘शिष्टाचारभंगा’नंतर तिच्या वडिलांना अटक झाली. पुढे मिनेर्व्हा आणि तिच्या दोन बहिणी राजवटीविरुद्धच्या चळवळीत उतरल्या आणि २५ नोव्हेंबर १९६० रोजी तिघींची हत्या करण्यात आली. संयुक्त राष्ट्रे हा दिवस महिलांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा दिवस म्हणून पाळतात. डॉमिनिकन रिपब्लिकचा राष्ट्रीय मेरेंगे दिन त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २६ नोव्हेंबरला येतो. तो २००५च्या अध्यादेशाने ठरला. दोन तारखांचा संबंध निव्वळ योगायोगाचा. तरी कॅलेंडरवर त्या शेजारी शेजारी दिसल्या की चुटपुट लागते.

‘बोकड’ मेला, पुढे काय?

लोक त्रुहियोला आडून ‘चिव्हो’, म्हणजे बोकड, म्हणत. तो मारला गेल्यावर बोकड मारल्याचा आनंद साजरा करणारे एक गाणे देशभर वाजले. तेही मेरेंगेच! मारियो वार्गास योसा यांच्या ‘द फीस्ट ऑफ द गोट’ या प्रसिद्ध कादंबरीचे शीर्षक याच टोपणनावावरून आले आहे आणि पुस्तकाच्या सुरुवातीला त्या मेरेंगेतल्या ओळी आहेत.

सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे इथे सापडते. त्रुहियोने मेरेंगे निर्माण केले नव्हते, त्याने फक्त त्याच्या वरच्या मजल्यावर ताबा मिळवला होता. तळमजल्यावर, सिबावच्या गावांत, अकॉर्डियन-तांबोरा-ग्विरा आपले आपले वाजत होते. ज्या माध्यमातून हुकूमशहाची आरती गायली गेली, त्याच माध्यमातून त्याची टर उडवणे लोकांना अवघड गेले नाही, कारण भाषा मुळात त्यांचीच होती.

वरचा मजलाही झपाट्याने बदलला. १९६४मध्ये जॉनी व्हेंतुरा यांनी ‘कॉम्बो शो’ काढला. मोठा वाद्यवृंद छाटून मोजके वादक ठेवले, एल्विस प्रेस्लीला शोभेल अशा हालचाली मंचावर आणल्या, ताल वाढवला. टक्सिडोतला मेरेंगे घामाघूम झाला. व्हेंतुरा राजकारणातही होते आणि १९९८ ते २००२ या काळात सांतो दोमिंगोचे महापौर झाले. अकॉर्डियनच्या बाजूला तातिको एन्रिकेस यांनी जुन्या बाजात नवे प्राण फुंकले. फेफिता ला ग्रांदे यांनी, अकॉर्डियन हे पुरुषांचे वाद्य, ही समजूत मोडली.

१९६५मध्ये गृहयुद्ध आणि पुन्हा अमेरिकी लष्करी हस्तक्षेप झाला. त्यानंतर डॉमिनिकनांचे लोंढे न्यूयॉर्ककडे निघाले. मॅनहॅटनच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये मेरेंगे ही गावाकडची आठवण झाली आणि धंदाही. मिली केसादा याच स्थलांतरित पिढीतून पुढे आल्या. १९८०च्या दशकात विल्फ्रिदो वार्गास यांच्या वाद्यवृंदाने साल्साच्या बालेकिल्ल्यात, पोर्तो रिको आणि न्यूयॉर्कमध्ये, धुमाकूळ घातला. रुबी पेरेस हे त्याच वाद्यवृंदातून नावारूपाला आले. त्यांना व्हायचे होते बेसबॉलपटू. पंधराव्या वर्षी मोटारीच्या धडकेत पाय निकामी झाला आणि ते गाण्याकडे वळले.

हैतीचे नाव का टाळले जाते?

आता मघाशी सोडलेला धागा. हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक एकाच बेटावर आहेत. हैतीतही ‘मेरेंग’ नावाचा नाच आहे आणि नावात, तालात दोघांचे नाते उघड दिसते. तरीही, मेरेंगे १८४४च्या हैतीविरुद्धच्या लढाईत रणांगणावर जन्मले, ही आख्यायिका डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये दीर्घकाळ सांगितली गेली. पळपुट्या सैनिकाची चेष्टा करणारे गाणे म्हणजे पहिले मेरेंगे, असा तिचा सारांश. ऐतिहासिक आधार तिला नाही, पण उपयोग आहे : ज्या शेजाऱ्याशी नाते नको, त्याच्याविरुद्धच्या युद्धातच जन्म झाला म्हटले की प्रश्नच मिटतो.

त्रुहियोच्या काळात याला सरकारी रूप आले. देश ‘स्पॅनिश, कॅथलिक आणि गोरा’ असल्याचे सांगितले जाई. स्वतःच्या आईच्या बाजूने हैतियन वंश असलेला त्रुहियो चेहऱ्यावर पावडर थापत असे. १९३७मध्ये त्याच्या आदेशावरून सीमाभागातल्या हजारो हैतियनांची कत्तल झाली. अशा राजवटीचे राष्ट्रीय संगीत आफ्रिकन मुळाचे असून चालणार नव्हते. तांबोरा तर लपवता येईना. म्हणून ताइनो ग्विरा आणि युरोपीय अकॉर्डियन यांच्या मध्ये तिला एक तृतीयांश जागा देण्याचे गणित सोयीचे ठरले. १९७०च्या दशकात लोककलांचे अभ्यासक फ्रादिके लिसार्दो यांनी, मेरेंगे मुळात आफ्रिकन आहे, असे म्हटल्यावर वर्तमानपत्रांत गदारोळ उठला, तो याच पार्श्वभूमीवर.

हा वाद फक्त अभ्यासकांपुरता असता, तर तो इथे सांगायचे कारण नव्हते. २०१३मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने १९२९पासून देशात जन्मलेल्या, पण स्थलांतरितांची मुले असलेल्या लोकांचे नागरिकत्व अमान्य ठरवणारा निकाल दिला. त्याचा फटका प्रामुख्याने हैतियन वंशाच्या लोकांना बसला. ‘आपण कोण आणि ते कोण’ हा प्रश्न तिथे अजून ताजा आहे.

मेरेंगे मात्र या रेषा अधूनमधून बिनदिक्कत ओलांडते. वार्गास यांनी हैतीच्या चाली उचलल्या. १९९२मध्ये हुआन लुईस गेरा यांनी महागाईवर गायलेले गाजलेले मेरेंगे ‘एल कोस्तो दे ला विदा’ हे काँगोचे गिटारवादक दिब्लो दिबाला यांच्या चालीवर बेतलेले होते. जी मुळे नाकारली जात होती, तिथूनच चाल आली आणि ती लोकांनी डोक्यावर घेतली.

युनेस्कोने २०१६मध्ये मेरेंगेला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. अदिस अबाबा येथे झालेल्या त्याच बैठकीत भारताच्या योगाचाही समावेश झाला होता.

ऐकायचे कुठून?

मोबाइलवर ‘मेरेंगे’ शोधले की पहिल्यांदा एल्विस क्रेस्पो यांचे ‘सुआवेमेंते’ येईल. ते आहे १९९८चे आणि गायक पोर्तो रिकोचे. वाईट नाही, पण सुरुवात तिथून करू नका. आधी अकॉर्डियनचे ‘मेरेंगे तिपिको’ ऐका. ला इंदिया कानेला या अकॉर्डियनवादिकेचे ध्वनिमुद्रण स्मिथसोनियन फोकवेजने काढले आहे आणि ते सहज मिळते. मग अल्बेर्ती, मग व्हेंतुरा, मग गेरा. हेडफोन लावा. ग्विराची खरखर अखंड चालू असते, ती सोडून द्या. तांबोरा ऐका. प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी ती एक छोटासा गडगडाट करते आणि पुढच्या पहिल्या ठोक्यावर येऊन आदळते. पाऊल तिथे टाकायचे.